तरास

कोर्टाच्या कागदांचं मराठीतून इंग्रजी करून देणं हे जळगावात माझं अठरा वर्षांचं काम. खान्देशातली प्रकरणं उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जातात आणि तिथं कागद इंग्रजीत लागतात. त्या दिवशी वकीलसाहेबांनी दिलेला गठ्ठा छोटा होता. गावालगतच्या एका जिनिंगविरुद्ध, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याविरुद्ध, सहा जबाब. सहाही जणांच्या तोंडी एकच वाक्य होतं : ‘रुई व धूळ उडाल्यामुळे आम्हाला त्रास होतो.’ लिहून घेणाऱ्यानं एकदा साचा पाडला आणि सगळ्यांना तोच लावला, हे उघड दिसत होतं. मीही सहा वेळा एकच शब्द टाकला. ॲनॉयन्स.

दुपारी कागद द्यायला गेले, तर जबाब देणाऱ्यांपैकी एक म्हातारी बाकावर बसलेली. फडक्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा. भाकरीचा घास मोडण्याआधी ती बोटांच्या चिमटीनं भाकरीवरून काहीतरी उचलत होती. पांढरे, केसाहून बारीक तंतू. घरात थापलेली भाकरी, फडक्यात बांधून इथवर आणलेली, तरी रुई तिच्यासोबत आलेली.

“माय, तुमचा जबाब वाचून दाखवते,” म्हटलं आणि इंग्रजीचा अर्थ मराठीत सांगितला : या रुईनं आमची चिडचिड होते.

ती थांबली. “चिडचिड? नै बाई. तरास. रातले मना नातूले दम लागस. दार लावं तरी रुई घरमा येस. मना जीव घाबरस.”

मला तिथल्या तिथं कानकोंडं झालं. शब्द चुकला नव्हता, शब्दकोशात त्रास आणि ॲनॉयन्स शेजारी शेजारी बसतात. पण दोघांचंही मूळ किती जड आहे, ते मी विसरले होते. ‘ॲनॉय’ फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला, आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधले ‘इन ओडिओ’ हे दोन शब्द आहेत, म्हणजे एखादी गोष्ट तिरस्कारास पात्र वाटणं. ‘ओडियस’, म्हणजे किळसवाणा, हा त्याच घरातला. आज मात्र डास गुणगुणला, शेजाऱ्यानं गाडी आडवी लावली, की माणूस ॲनॉय होतो. तिरस्कार झिजून कुरकुर उरली.

आपल्या ‘त्रासा’चंही तेच. संस्कृतातला ‘त्रस्’ धातू म्हणजे भीतीनं थरथरणं. ‘संत्रास’ शब्दात ती भीती अजून जिवंत आहे, पण रोजच्या बोलण्यात आपण वीज गेली तरी त्रास म्हणतो, आणि रांगेत दहा मिनिटं थांबलो तरी. माझ्यासमोर बसलेल्या माउलीला यातलं काही ठाऊक असायचं कारण नव्हतं. तरी तिनं शब्दाचा जुना अर्थ नेमका सांगितला होता. जीव घाबरतो, म्हणून तरास.

हे पाल्हाळ नाही, कारण प्रकरणच शब्दांवर उभं होतं. १८६० च्या दंडसंहितेतलं २६८ वं कलम, आताच्या न्यायसंहितेतलं २७०, सार्वजनिक उपद्रवाचं आहे. इंग्रजीत त्याला ‘नुइसन्स’ म्हणतात. त्याचा लॅटिन बाप ‘नोकेरे’, इजा करणं. ‘इनोसंट’सुद्धा त्याच मुळाचा, म्हणजे जो इजा करत नाही तो. व्रात्य पोराला नुइसन्स म्हणणाऱ्यांनी इजा विसरली, कायद्यानं ती धरून ठेवली. व्याख्येत इजा, धोका आणि ॲनॉयन्स असे तीन शब्द एका ओळीत आहेत. तिन्हींनी गुन्हा होतो. पण वाचणारा माणूसच असतो, आणि मी या बाईला त्या ओळीच्या सगळ्यात हलक्या टोकाला नेऊन बसवलं होतं.

“मग इंज्युरी लिहा,” वकीलसाहेब म्हणाले.

ते मला करता येणार नव्हतं. जबाबात नसलेलं वजन भाषांतरात घालणं म्हणजे साक्षीत हात घालणं. यावर मी ठाम राहिले. त्यांना राग आला, पण पटलंही असावं, कारण थोड्या वेळानं त्यांनी लेखनिकाला बोलावलं आणि माउलीचं वेगळं प्रतिज्ञापत्र घ्यायला बसले. या खेपेला साचा नव्हता. नातू किती वर्षांचा, दम कधी लागतो, दवाखान्यात कितीदा नेला, खिडकीला गोणपाट कधीपासून लावलंय. तिच्या अहिराणीचं मराठी मी तिथंच करून देत होते. दीड तास लागला. उरलेल्या पाच जणांनाही बोलवायचं ठरलं.

मूळ जबाबाच्या भाषांतरात मी ॲनॉयन्स खोडून ‘सफरिंग’ केलं. सोसणं. त्रासाच्या कक्षेतलाच शब्द, ना वाढवलेला, ना उतरवलेला.

अंगठा उठवून झाल्यावर तिनं तो शब्द मला दोनदा म्हणायला लावला. मग कागदावर बोट ठेवून विचारलं, “यामा मना नातूना दम शे का?”

“या शब्दात नाही, माय,” मी म्हटलं, आणि तिचं बोट नव्या प्रतिज्ञापत्राच्या चौथ्या परिच्छेदावर नेऊन ठेवलं. “इथं आहे.”