आमची वाटचाल: सोन्याच्या फोनला सोनेरी स्क्रीन नको

चैनीच्या फोनसाठी इंटरफेस, म्हणजे स्क्रीनवरचे मेनू आणि चित्रं, करायला लागलो तेव्हा मागणी ठरलेली असायची: बाहेर सोनं आहे, आतही दिसू द्या. आम्ही दाखवत होतो. पण खऱ्या सोन्याची झळाळी हात हलला की बदलते. स्क्रीनवरचं सोनं मात्र फोन कसाही फिरवा, तसंच बसून राहतं आणि फोनच्या खऱ्या सोन्याच्या कडेशेजारी हळदीसारखं पिवळं दिसतं. वर पट्टे पडतात ते वेगळंच. ८ बिटांच्या स्क्रीनवर प्रत्येक मूळ रंगाच्या पायऱ्या २५६. त्यातल्या २० पायऱ्यांची उतरण १००० पिक्सेलवर ताणली की दर ५० पिक्सेलला एक कड उमटते. रंग एखाद्या पायरीने इकडेतिकडे करणारा बारीक रवा चित्रात मिसळला की पट्टे मोडतात, पण चित्र तपशील गाळून फाइल लहान करणाऱ्या जेपेगमध्ये साठवलं तर आधी तो रवाच उडतो. काहीच न गाळणारी पीएनजीच ठेवा.

२००७चा एलजी प्रादा हा फोन काळ्या-पांढऱ्या मेनूवरच शोभला होता. आम्हाला ते पटायला जरा उशीरच झाला. आता आधी धातूचा तुकडा मागवतो, मग रंग ठरवतो. बहुतेकदा उत्तर काळंच येतं.

काचेनेही शिकवलं. चैनीचे फोन करणाऱ्या व्हर्टूने फोनमध्ये रूढ केलेली नीलम काच ओरखड्यांना दाद देत नाही, पण लेप नसेल तर समोरच्या पृष्ठभागावरून सुमारे ७.७ टक्के प्रकाश परतवते. साधी काच ४ टक्के. संगणकावर नाजूक, देखणी वाटणारी अक्षरं त्या काचेखाली खिडकीपाशी वाचताच येत नाहीत. म्हणून अक्षराची जाडी काच बसवलेल्या फोनवरच ठरवतो.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला स्क्रीनवरच्या घड्याळाच्या तबकडीने. हे फोन घेणाऱ्यांच्या मनगटावर बरेचदा यांत्रिक घड्याळ असतं, त्यांना फसवता येत नाही. ताशी २८,८०० ठोक्यांचं घड्याळ सेकंदाला ८ पावलं टाकतं, म्हणजे सेकंदकाट्याचं एक पाऊल पाऊण अंशाचं. सेकंदाला एकदाच हलवलात तर काटा बॅटरीवरच्या क्वार्ट्झ घड्याळाचा वाटतो. नेहमीची चूक सावलीत होते: काट्याच्याच चित्रात सावली रंगवली की ती काट्याबरोबर फिरते, जणू दिवाच फोनभोवती प्रदक्षिणा घालतोय. सावलीचा थर वेगळा, कोन काट्याचाच, सरकवणं मात्र कायम एकाच दिशेला. स्क्रीन मंद झाली की सेकंदकाटा काढून टाकतो. दर मिनिटाला तबकडी एक-दोन पिक्सेल सरकवतो, नाहीतर ओलेड स्क्रीनवर त्याच जागी कायमचा डाग राहतो.

बटणाच्या कंपनाचं तेच. प्लास्टिकच्या नमुन्यावर खणखणीत लागणारा १५ मिलिसेकंदांचा ठोका जड धातूच्या सांगाड्यात विरून जातो. मोटर तीच, वजन वाढलेलं. अंतिम सांगाडा हातात आल्याशिवाय आम्ही कंपनाची फाइल देत नाही, वेळापत्रकावरून कितीही कुरबूर झाली तरी.

उजवीकडून डावीकडे जाणारी अरबी मांडणी शेवटी तपासतो. तिथे मेनू, बाण, यादी सगळं आरशातल्यासारखं उलटतं. तबकडी त्यातून हाताने वगळावी लागते. राहून गेलं तर काटे उलटे फिरतात.