पाण्याच्या टाकीतली गिटार

स्पीकरचा कोन, म्हणजे आतला कागदी पडदा, फाटला की आमच्या धंद्यात शिव्या पडतात. लिंक रे नावाच्या अमेरिकन गिटारवाल्याने तो मुद्दाम भोसकला, तोही पेन्सिलीने. का, तर स्टेजवर मिळालेला खरखरीत आवाज स्टुडिओत काही केल्या येईना. १९५८ साली निघालेली त्याची 'रंबल' ही नुसत्या वाद्यांची ट्यून ऐकून बघा. चार-दोन कॉर्ड, संथ ठेका, आणि अँप्लीफायर आता जळतो की काय असा आवाज. रंबल म्हणजे टोळक्यांची मारामारी. तेवढ्या नावावरून काही रेडिओ केंद्रांनी ती वाजवायचं नाकारलं. एक शब्द नाही हो त्यात!

मी फोंड्याकडचा साऊंडवाला. जत्रेच्या नाटकांना माइक-स्पीकर लावतो. त्यामुळे चाल मला नंतर ऐकू येते, आधी 'माइक कुठे ठेवला असेल' हेच डोक्यात. या गायक नसलेल्या रॉक अँड रोल बँडांचं वेड लागलं ते त्यापायीच.

ड्वेन एडी या अमेरिकन गिटारवाल्याची 'रेबेल राउझर' त्याच वर्षीची. अमेरिकेतल्या फिनिक्सच्या स्टुडिओत एको, म्हणजे आवाज घुमवायची सोय, नव्हती, म्हणून निर्माता ली हेझलवूडने पाण्याची जुनी भलीमोठी टाकी आणून बाहेर ठेवली. एका टोकाला स्पीकर, दुसऱ्या टोकाला माइक. गिटार आत वाजायची, आवाज टाकीत फिरून टेपवर यायचा. टाकीवर पाखरं बसली की आधी ती हाकलायची!

आमच्या गच्चीवरची सिमेंटची टाकी धुवायला रिकामी केली तेव्हा मीही एक लहान स्पीकर दोरीने आत सोडला, तोंडाशी माइक धरला. आधी नाट्यपद लावलं. शब्दांचा पार चिखल, तान कुठे संपली तेही कळेना. मग एडी लावला. जाड तारेवरचा एकेक सूर सुटा, मागचा विरत आला की पुढचा. तेव्हा डोक्यात उजेड पडला. एको शब्द खातो. गाणाराच नसला तर तो हवा तेवढा ओता, आणि चाल खालच्या तारांवर सावकाश ठेवा. (बायको खालून ओरडली, टाकी धुतोयस की लग्न लावतोयस?)

शॅडोज या बँडचं 'अपाचे' १९६० चं, इंग्लंडमधलं. त्यात हँक मार्विनची फेंडर स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार आणि मेआझी नावाचं इटालियन एको मशीन. सुरुवातीला जो ढोल वाजतो तो चक्क क्लिफ रिचर्डने वाजवलाय, म्हणजे गायकाच्या हातात ढोल दिला. आमच्या भागात लग्नाच्या बँडमध्ये गिटार वाजवणारे एक म्हातारे गृहस्थ आहेत. त्यांनी मला ते वाजवून दाखवलं आणि म्हणाले, "सूर सोंपो बाबा, तूं एको आयक." व्हेंचर्स या अमेरिकन बँडचं 'वॉक, डोन्ट रन'ही त्याच वर्षीचं. वाजवलंय साफ, पण माझं मन शॅडोजकडेच.

पण माझ्यासाठी या सगळ्यांचा बाप म्हणजे जो मीक नावाचा रेकॉर्ड निर्माता. लंडनमध्ये चामड्याच्या वस्तूंच्या दुकानावरचं भाड्याचं घर, तोच त्याचा स्टुडिओ. १९६२ च्या जुलैत टेलस्टार उपग्रह वर गेला आणि त्याच नावाची मीकची ट्यून टॉर्नेडोज बँडने तिथे वाजवली. ती अमेरिकेतही पहिल्या नंबरवर गेली. त्याआधी कुठल्याही ब्रिटिश बँडला ते जमलं नव्हतं. एका फ्रेंच संगीतकाराने चोरीचा दावा ठोकला, पैसे अडकले. निकाल मीकच्या बाजूने लागला, पण तो मेल्यानंतर.

त्यातली चाल वाजते क्लॅव्हिओलिन या विजेवर चालणाऱ्या पट्ट्यांच्या वाद्यावर. तेच वाद्य 'नागिन'मध्ये, १९५४ साली, कल्याणजींनी वाजवलं होतं आणि अख्ख्या देशाला ती पुंगी वाटली. 'टेलस्टार' लावा आणि लगेच 'मन डोले'. आमच्या ऑर्गनवाल्याला मी तसं ऐकवलं. तो म्हणाला, "हां, ही तर बीनच!" आता जत्रेच्या नाटकात पडदा उघडायच्या आधी तो 'टेलस्टार'च वाजवतो आणि लोकांना वाटतं नाग येणार.