मुंबईत जुनं लिहायचं टेबल शोधताना: चोरबाजार, ओशिवरा आणि बरोबरचे मिस्त्रीकाका

चोरबाजारात फर्निचर बघायला जायचं असेल तर शुक्रवार टाळा. त्या दिवशी पहाटे रस्त्यावर जुन्या सामानाचा बाजार भरतो आणि तो बघण्यासारखा असतो, पण मटन स्ट्रीटवरची फर्निचरची दुकानं बहुतेक बंद असतात. बाकीच्या दिवशी अकरानंतर पोहोचावं. आम्ही साताऱ्याहून बसने दादर, तिथून लोकलने ग्रँट रोड आणि पुढे चालत गेलो. चालायचं नसेल तर स्टेशनबाहेर टॅक्सी मिळते. गल्ल्या अरुंद आहेत, त्यामुळे स्वतःची गाडी नेऊ नका.

मला टेबल हवं होतं ते रोज हाताने लिहायला, बैठकीच्या खोलीत शोभेला ठेवायला नव्हे. म्हणून आमच्या पेठेतल्या सुतार मिस्त्रीकाकांना बरोबर नेलं. त्यांची दिवसाची मजुरी आणि जेवणखाण माझ्याकडे, आणि एका दिवसात त्या खर्चाचं सोनं झालं. जाणकार सुतार मिळत असेल तर त्याला घेऊनच जा. दुकानदाराच्या बोलण्यातही फरक पडतो. पहिल्याच दुकानात चाचा म्हणाले, "दीदी, सौ साल पुराना है, बर्मा टीक." मिस्त्रीकाकांनी काही न बोलता खालचा ड्रॉवर पूर्ण बाहेर काढला, उलटा केला आणि टॉर्च मारला. चाचांनी पुढचं वय सांगितलं नाही, थेट किंमत सांगितली.

जुन्या टेबलाची परीक्षा सुरू होते ती ड्रॉवरपासून. वरचा पृष्ठभाग पॉलिशखाली काहीही लपवू शकतो, ड्रॉवरचा तळ लपवत नाही. पुढची फळी आणि बाजूच्या फळ्या यांचा सांधा बघायचा. हाताने कापलेल्या डव्हटेल सांध्याचे, म्हणजे पारव्याच्या शेपटीसारखे पसरट दात एकमेकांत अडकवलेल्या सांध्याचे, दात थोडे लहानमोठे असतात, कापण्याआधी आखलेल्या खुणेची बारीक रेघ फळीवर राहिलेली असते. मशीनचे दात सगळे सारखे. ड्रॉवरच्या बाजूंची खालची कड वर्षानुवर्षं घासून कमीजास्त झिजलेली असेल तर तो ड्रॉवर खरंच वापरातला. टेबल म्हातारं आणि कड धारदार असेल तर ड्रॉवर नवीन बसवलेला आहे असं समजा. ते चालतं, फक्त किंमत त्याप्रमाणे व्हायला हवी. स्क्रूही बघा. अधिक चिन्हाच्या खाचेचे स्क्रू 1930च्या दशकात आले. त्याआधीच्या म्हणून सांगितलेल्या टेबलात ते मूळच्या जागी असतील तर एकतर दुरुस्ती झालीय किंवा गोष्ट रचलेली आहे.

खिशात एक लोहचुंबक ठेवा. मूठ, कुलपाची पट्टी, कोपऱ्याच्या पट्ट्या पितळी म्हणून सांगतात आणि चुंबक चिकटतो, म्हणजे लोखंडावर मुलामा.

भुंग्याची भोकं मात्र नीट समजून घ्या, कारण त्यावरून लोक विनाकारण घाबरतात किंवा विनाकारण बेफिकीर राहतात. टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं जुनी असू शकतात, किडा केव्हाच निघून गेलेला. टेबलाखाली पांढरा कागद पसरा आणि पायावर हलके ठोका. फिकट, ताजी भुकटी पडली तर किडा आत आहे. सागाच्या गाभ्याला तो सहसा लागत नाही, बाहेरच्या फिकट लाकडाला लागतो. म्हणून पायांच्या आतल्या बाजूला आणि मागच्या फळीला जिथे फिकट पट्टा दिसेल तिथे आधी बघायचं. आमच्या आवडीचं एक टेबल याच कारणाने सोडावं लागलं, आणि मला त्याची हळहळ अजून वाटते. त्याच्या माथ्यावर शाईच्या बाटलीचा गोल डाग होता, कोणीतरी त्यावर उभं आयुष्य लिहिलेलं.

चोरबाजारात मिसळून गेलेले प्रकार बरेच दिसतात. कोरीवकामाचं काळसर शिसवी फर्निचर मुंबईतच एकोणिसाव्या शतकात मोठ्या प्रमाणावर बनायचं. मेडोज स्ट्रीटवर, म्हणजे आताच्या नगीनदास मास्टर मार्गावर, त्याची दुकानं होती. असं एक टेबल बघायला मिळालं. वेलबुट्टी इतकी खोल की बोट आत जाईल. पण लिहायची जागा अरुंद, आणि पायाच्या नक्षीला गुडघे लागतात. बघून डोळे भरून घ्या. लिहायचं असेल तर घेऊ नका.

1930-40च्या मुंबईतली आर्ट डेको या तेव्हाच्या शैलीतली गोल कोपऱ्यांची टेबलं मला जास्त पटली. 1937 साली टाउन हॉलमध्ये 'आयडियल होम' प्रदर्शन भरलं होतं, त्या काळातली ही आवड. यात प्लायवूड आणि व्हेनियर, म्हणजे वर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा, सापडलं म्हणून टेबल खोटं ठरत नाही, तेव्हा तशीच बनायची. नखाने टकटक करून बघा. जिथे पोकळ आवाज येतो तिथे व्हेनियर सुटलंय. आमच्यासारख्या घाटावरच्या कोरड्या हवेत ते आणखी सुटतं. टेबल आणल्यावर उन्हाच्या खिडकीजवळ ठेवू नये.

वर सरकणाऱ्या झाकणाचं रोलटॉप दिसलं तर झाकण अर्ध्यावर थांबवून आत वाका. लाकडी पट्ट्या कापडावर चिकटवलेल्या असतात आणि ते कापड कुजतं. कापड बदलता येतं, तुटलेल्या पट्ट्या जुळवणं अवघड.

दुपारनंतर लोकलने जोगेश्वरी आणि रिक्षाने ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात गेलो. राम मंदिर स्टेशनही जवळ पडतं. रिलीफ रोडच्या बाजूला गोदामांच्या ओळी आहेत, जागा मोठी, त्यामुळे टेबलाभोवती फिरून बघता येतं. इथे जुन्याबरोबर जुन्यासारखं नवीनही भरपूर आहे. जुन्या दारांचं, तुळयांचं लाकूड वापरून नवीन टेबल बनवतात. त्यात वाईट काही नाही, लाकूड उत्तम मुरलेलं असतं. पण ते विंटेज म्हणून घेऊ नका. बुजवलेली खिळ्याची भोकं आणि नको तिथे आलेल्या खाचा शोधा, लाकडाचं आधीचं आयुष्य कळतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दुकानात खुर्ची मागून घ्या आणि टेबलाशी बसा. खांदे सैल सोडून कोपर टेबलाच्या पातळीला येतं का बघा. साधारण 29 ते 30 इंच उंची बऱ्याच लोकांना जमते. मधल्या ड्रॉवरच्या तळापासून जमिनीपर्यंत निदान 24 इंच हवेत, नाहीतर मांड्या अडकतात. वही काढून अर्धं पान लिहा. दुकानदार हसेल, हसू दे. टेबल हलतं का, मनगट कडेवर टोचतं का, हे उभ्याने कळत नाही. उंची कमी असेल तर पायाखाली लाकडी ठोकळे देता येतात. जास्त असेल म्हणून पाय कापून घेऊ नका, जुन्या वस्तूची किंमत तिथेच जाते.

मी घेतलेलं टेबल ओशिवऱ्यातलं, सागाचं, चार फूट बाय दोन फूट, दोन्हीकडे ड्रॉवरची कपाटं. सांगितले 48 हजार, ठरले 37. एका ड्रॉवरचा तळ नवीन होता, तो दाखवल्यावर भाव उतरला. दुकानदार मेलामाइन पॉलिश करून देणार होते. आम्ही नको म्हटलं. मिस्त्रीकाका घरी चपडा, म्हणजे लाखेचे पातळ पापुद्रे, स्पिरिटमध्ये विरघळवून फ्रेंच पॉलिश करणार होते. गरम कपाचा पांढरा डाग त्यावर पडतो खरा, पण तेवढाच भाग पुन्हा पॉलिश करून दुरुस्त होतो.

ऋतूचंही ध्यानात असू द्या. पावसाळ्यात थोडा अडकणारा ड्रॉवर उन्हाळ्यात सुटतो. एप्रिलमध्ये अडकणारा जुलैत उघडणारच नाही.

जमिनीवर बसून लिहिणाऱ्यांनी उतरत्या झाकणाचं बैठं डेस्क जरूर बघावं. पेढीवर दिवाणजी वापरायचे तसं. मान कमी वाकते, जागा कमी लागते, आणि ते पुण्याच्या जुन्या बाजारातही बुधवारी, रविवारी नशिबाने सापडतं. परदेशी राहणाऱ्यांनी मात्र 100 वर्षांपेक्षा जुन्या वस्तूच्या भानगडीत पडू नये. 1972च्या पुरावस्तू कायद्यानुसार ती देशाबाहेर नेता येत नाही.

निघण्यापूर्वी घरचा दरवाजा, जिन्याचं वळण आणि लिफ्ट मोजून जा. दोन कपाटं आणि माथा वेगळे होणारं टेबल जिन्यातून सहज जातं. ड्रॉवर काढून खडूने आकडे टाका, कडांना गोधडी बांधा, दोरी थेट लाकडावर नको. हमालांना माथा धरून उचलू देऊ नका, चौकटीखाली हात घालायला सांगा. बिलावर लाकूड, माप आणि केलेली दुरुस्ती लिहून घ्या, आणि टेम्पोचं भाडं चढवण्या-उतरवण्यासकट आधी ठरवा.