नांगर, चाक, दांडा: आमची वाटचाल

पलूसजवळचं आमचं सुतारमेट पणजोबांनी घातलं ते लाकडी नांगरांसाठी. 1910 साली शेजारी किर्लोस्करवाडी वसली आणि लोखंडी नांगर गावोगाव पोचला. आजोबा बाभळीची चाकं करू लागले, तर रबरी टायरची डनलॉप बैलगाडी आली. मग वडिलांनी दांडे धरले. घण लोखंडाचा असला तरी दांडा लाकडाचाच लागतो, हे त्यांचं गणित.

मला मात्र परदेशी लाकडाची हौस. हिकरी हे अमेरिकी लाकूड म्हणून घेतलेल्या मालात पेकनही निघालं. ती फसवणूक नव्हे. दोन्ही अक्रोडाच्या कुळातली भावंडं, अमेरिकेतही ती बरेचदा एकत्रच विकतात. चिरल्यावर वेगळी ओळखणं अवघड. पेकनचं लाकूड बघत राहावं असं: गाभा तांबूस तपकिरी, कडा पांढरट. घनफुटाला साधारण 21 किलो, सागाहून दीडपटीपेक्षा जास्त कठीण, आणि हादरा सोसणारं. रंध्याची पाती दिवसातून दोनदा पाजळावी लागायची.

चुकलो ते आकसण्यात. ओलं पेकन पूर्ण वाळेपर्यंत घनफळात 13-14 टक्के आटतं, साग त्याच्या निम्मं. फळ्या वरून कोरड्या दिसल्या म्हणून ऐन पावसाळ्यात दोनशे दांडे केले. मार्चमध्ये घण दांड्यावर फिरायला लागले. एका खडीवाल्यानं दांडा आणून माझ्यापुढं ठेवला, बोलला काहीच नाही. सगळे परत घेतले. वडील बाभूळसुद्धा दोन उन्हाळे सावलीत थप्पी लावून ठेवायचे, ते मला जुनाट वाटायचं!

आता ओल मोजायचं मीटर आहे. 12 टक्क्यांच्या वर काही कापत नाही. फळ्यांच्या टोकांना मेण, पांढऱ्या लाकडाला बोरॅक्स, नाहीतर भुंगेरा पिठासारखा भुगा पाडतो. पाचर ठोकून वर जवसाचं तेल. ऊनपावसात राहणाऱ्या वस्तूला पेकन कुणी मागितलं तरी देत नाही, कुजतं. कुदळीला अजून बाभूळच. स्वस्त, आणि बांधावर मिळते.

तिकडं अमेरिकेत पेकनच्या धुरावर मांस भाजतात, हे तासगावकडच्या एका धाबेवाल्यानं कुठंतरी पाहिलं. तो आता दर शनिवारी ढलप्यांचं पोतं नेतो. एकदा त्यानं कोंबडी पाठवली. आईनं चव घेतली आणि म्हणाली, "बाभळीवर बी अशीच लागती की."