मॅडमच्या कामाचा रकाना

शुक्रवार, रात्री

मॅडम आमच्या शाखेत मॅनेजर म्हणून आल्यापासून रविवारी संध्याकाळी पोटात गोळा येणं थांबलंय. बँकेत बदली कधीही होते, म्हणून हे आजच लिहून ठेवतो.

आधीच्या साहेबांच्या वेळी विमा पॉलिसींचं टार्गेट हुकलं की ग्राहकांसमोर नाव घेऊन झाडायचे. रात्री दहाला व्हॉट्सॲप ग्रुपवर आकडे मागवायचे. टार्गेट आजही तेवढंच आहे. मॅडमही जाब विचारतात, पण केबिनमध्ये, दार लावून. कॅशमध्ये फरक आला तर आधी शेजारी बसून व्हाउचर तपासतात, मेमोचं नंतर. काउंटरवरच्या एका मुलीची झोपच उडाली होती. तिला त्यांनी रजा दिली आणि 'टेलिमानस' या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी मोफत क्रमांकही. तिथं मराठीत बोलता येतं, हे आम्हा कुणालाच माहीत नव्हतं.

सगळे म्हणतात, बाई आहेत ना, माया असतेच. मला हे बोलणं खुपतं. माझ्या बहिणीच्या ऑफिसात वरिष्ठ बाईच आहेत आणि ती रोज रडवेली होऊन घरी येते. शिवाय माया म्हटलं की ते काम राहतच नाही, त्याचा मोबदला नको आणि नोंदही नको. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात व्यवस्थापकांना मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण द्या असं स्पष्ट म्हटलंय. म्हणजे हे शिकता येतं, साहेबांनाही.

आणि माणसाची बदली झाली की त्याचा चांगुलपणाही त्याच्यासोबत जातो, नियम मागे राहतो. अरुंधती भट्टाचार्य २०१३ मध्ये स्टेट बँकेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. मुलांच्या किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांच्या देखभालीसाठी महिला कर्मचाऱ्यांना दोन वर्षांपर्यंत रजा घेण्याची सोय त्यांच्या काळात झाली. अशी रजा मिळाली तर किती जणींची नोकरी टिकेल! (पुरुषांनाही ती मिळायला हवी. आईवडील आमचेही आजारी पडतात.)

आज आठ वाजता निघालो तेव्हा मॅडम रिजनल ऑफिसच्या व्हिडिओ कॉन्फरन्सवर बोलणी खात होत्या. वरचा सगळा दाब त्या स्वतः झेलतात, आमच्यापर्यंत येऊ देत नाहीत. त्यांच्या वार्षिक मूल्यमापनात ठेवी, कर्जं, वसुली यांचे रकाने आहेत. याचा नाही.

रविवारी युनियनची बैठक आहे. दोन मागण्या मांडणार आहे. व्यवस्थापकाच्या मूल्यमापनात शाखेतल्या माणसांच्या स्थितीची नोंद व्हावी आणि रात्री आकडे मागवणं लेखी आदेशानं बंद व्हावं.