नरसंहारावरचा सिनेमा दाखवताय? मग हे आधी बघा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे वाचनालयात किंवा कॉलेजच्या हॉलमध्ये ‘शिंडलर्स लिस्ट’ लावायचा बेत असेल तर आधी वेळ बघा. नाझींपासून ज्यू कामगारांना वाचवणाऱ्या शिंडलर या जर्मन कारखानदाराचा हा सव्वातीन तासांचा सिनेमा आहे. संध्याकाळी लावला की खेड्यावरची मुलं शेवटच्या बससाठी मधूनच उठतात, चर्चा राहून जाते. सकाळी दहाला लावा.

आता खऱ्या-खोट्याचं. सगळ्या चुका एकाच तागडीत घालू नका. सिनेमातला श्टेर्न, म्हणजे शिंडलरचा ज्यू हिशेबनीस, हा तीन-चार खऱ्या माणसांचं मिश्रण आहे. वाचवायच्या कामगारांची यादी करण्यात छावणीतल्या मार्सेल गोल्डबर्ग या ज्यू कारकुनाचा मोठा हात होता. शिंडलरने शेजारी बसून एकेक नाव सांगितलं, हे पटकथेचं काम. एवढी सूट चालते. पोलंडमधल्या क्राकुफजवळची छावणी, तिचा कमांडंट आमोन ग्योट, त्याचे खून आणि 1946 ची फाशी, हे सगळं खरंच आहे.

शॉवरचा प्रसंग (बायकांना गॅस येणार असं वाटतं आणि पाणी येतं) मात्र थांबून समजावा. आउश्वित्स या नाझींच्या मृत्युछावणीत आंघोळीचे खरे शॉवर होते, आणि गॅसच्या खोल्या वेगळ्या होत्या. तिचाच भाग असलेल्या बिर्केनाउच्या मोठ्या गॅसखोल्यांत झायक्लॉन-बी या विषाचे खडे छतातल्या भोकांतून टाकत. नळातून गॅस येत नसे. हे आधी सांगितलं नाही तर पोरं चुकीचं चित्र घेऊन घरी जातात. नरसंहार झालाच नाही म्हणणारे अशीच एखादी ढिली गाठ धरतात.

‘द बॉय इन द स्ट्राइप्ड पजामाज’ शाळांत दाखवूच नका, असं माझं मत. त्यात कमांडंटचा मुलगा आणि छावणीतला ज्यू मुलगा कुंपणापाशी मैत्री करतात. खऱ्या छावणीत आठ-नऊ वर्षांच्या ज्यू मुलांना बहुतेक वेळा गाडीतून उतरताच मारत. कुंपणात वीज होती, वर पहारा. तिथे रोज गप्पा मारणारी दोन पोरं म्हणजे हत्येची यंत्रणाच खोटी दाखवणं. खुद्द आउश्वित्स संग्रहालयाने 2020 मध्ये हा इतिहास शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांनी मूळ कादंबरी टाळावी असं सांगितलं.

‘हॉटेल रवांडा’च्या आधी दहा मिनिटं ओळखपत्रावर बोला. बेल्जियन राजवटीने 1930 च्या दशकात रवांडातल्या माणसांच्या ओळखपत्रावर हुतू की तुत्सी ही जमात लिहायला लावली, आणि 1994 मध्ये नाक्यानाक्यावर तेच तपासून तुत्सी माणसं कापली. सिनेमाचा नायक असलेल्या हॉटेल व्यवस्थापकाच्या थोरपणाबद्दल तिथून वाचलेल्यांपैकी काहींचा आक्षेप आहे, तोही सांगा.

चर्चेत कुणीतरी सीमाप्रश्नाची तुलना काढणारच. तिथेच अडवा, आपला झगडा खरा आहे, पण तो हा नव्हे. प्रास्ताविक मराठीत आणि कन्नडमध्येही करा, सबटायटल इंग्रजीच असतात.