आज स्लाइडवर ऑअर रॉड

पावसाळ्यात बेळगावच्या लॅबमध्ये डेंग्यूवाल्यांच्या प्लेटलेट बघण्यातच दिवस जातो. आज मात्र रक्तपेशी मोजणाऱ्या सीबीसी मशीनने 'ब्लास्ट?' असा फ्लॅग दिला, म्हणजे अपरिपक्व पेशींची, ल्युकेमियाची (रक्ताच्या कर्करोगाची) शंका. स्मिअर काढला (काचेवर रक्ताचा पातळ थर), लीशमन स्टेनने रंगवला. मायक्रोस्कोपच्या ऑइल इमर्शन लेन्सखाली मोठाल्या पेशी, केंद्रकाने जवळजवळ सगळी जागा व्यापलेली, त्यातलं क्रोमॅटिन (डीएनएचं जाळं) बारीक, न्यूक्लिओलस (केंद्रकातला ठिपका) ठळक. आणि एकीत ती लालसर काडी. ऑअर रॉड!

जॉन ऑअरने १९०६ मध्ये हिचं वर्णन केलं, तेव्हा त्याला त्या पेशी लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) वाटल्या होत्या. आज उलट आहे: काडी दिसली की ल्युकेमिया लिम्फोसाइटच्या नव्हे, तर मायलॉइड बाजूचा (पांढऱ्या पेशींची दुसरी शाखा). पेशीतले अझुरोफिलिक कण (रंगवल्यावर जांभळट दिसणारे) एकमेकांत मिसळून ती तयार होते, आणि त्यात मायलोपेरॉक्सिडेज असतं. हे एन्झाइम रंगाने हिरवं, पू हिरवट दिसतो तोही याच्यामुळेच. (जेवताना वाचत असाल तर सॉरी.)

एकाच पेशीत अशा काड्यांची मोळी दिसली तर एपीएलचा (अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया, मायलॉइडचाच एक प्रकार) संशय. तिथे रक्तस्रावाने जीव पटकन जाऊ शकतो, पण वेळेत एट्रा (व्हिटॅमिन ए पासून बनलेलं औषध) आणि आर्सेनिक मिळालं तर बहुतेक रुग्ण बरे होतात. आज मोळी नव्हती. डॉक्टर मॅडमना लगेच फोन केला. आता बोन मॅरो (अस्थिमज्जेची तपासणी) आणि फ्लो सायटोमेट्री (पेशींचा प्रकार ओळखणारी चाचणी).

बाहेर बाकावरचे काका विचारत होते, "आणि किती टाइम लागतंय ओ?"

"डॉक्टर बोलवतील काका, बसा."